देवघरातली दुसरी पुडी

आमच्या घरात लेकरांपासून लपवायची प्रत्येक वस्तू देवघरात जाते. ब्लेडची पाकिटं, थर्मामीटर, माझ्या नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या, सगळं देवांच्या मागच्या फळीवर. माझी दोन्ही पोरं कपाटावर चढतील, फ्रीजच्या डोक्यावरून बरणी उतरवतील, पण देवघराला हात लावणार नाहीत, कारण तिथे सासूबाईंचा धाक आहे. यापेक्षा सुरक्षित जागा घरात नाही, असं सगळ्यांचं मत. माझं तसं नव्हतं. पण मी काळजी करणारी बाई म्हणून बदनाम आहे. गॅस बंद केला का हे बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत येते, तेव्हा माझ्या मताला घरात भाव नाही.

माझ्या धाकट्या दिराचं वसमतला बसस्टँडजवळ माशांचं दुकान आहे. खायचे मासे नव्हेत, बघायचे. काचेच्या टाक्या, रंगीत खडे, पाण्यात बुडबुडे सोडणाऱ्या मोटारी. कॉलेजच्या प्रयोगशाळेला लागणारं किरकोळ सामानही तोच नांदेडहून आणून देतो. टाकीतल्या माशाला जखम झाली, अंगावर बुरशी धरली, शेपटी झडायला लागली, की तो पाण्यात ॲक्रिफ्लेविन टाकतो. जंतू मारणारी रंगाची पूड. प्रयोगशाळेतही तीच जाते. कोरडी असताना विटकरी-शेंदरी दिसते, पण चिमूटभर पाण्यात पडली की टाकी पिवळीजर्द होते, आणि उन्हात बघितलं तर त्या पिवळ्यातून हिरवी झाक मारते. ती झाक मला पहिल्यापासून आवडली नाही. एकदा दुकानात मदत करताना माझं बोट त्यात बुडालं, तर आठवडाभर शाळेतल्या पोरी विचारत होत्या, "बाई, तुमचं परत लगीन हाय का?" मी प्राथमिक शाळेत शिकवते, तिथे काही लपत नाही.

दिराचं लग्न ठरलं आणि दुकान काही दिवस बंद ठेवायचं म्हणून त्याने नाजूक सामान घरी आणलं. त्या पुडीच्या बाटलीचं झाकण तडकलं होतं. त्याने उरलेली पूड वर्तमानपत्राच्या कागदात बांधली आणि नेहमीच्या जागी, देवांच्या मागे, ठेवून दिली. तिथे आधीच एक पुडी होती, औंढ्याच्या नागनाथाहून आणलेल्या कुंकवाची. कागदही तसाच, घडीही तशीच.

"भाऊजी, वर नाव तरी लिहा," मी म्हटलं.

"वहिनी, देवघरात औषध शोधायला कोण जाणार हाय?"

त्याचं बरोबर होतं. औषध शोधायला कोणीच गेलं नाही.

नवरी हिंगोलीपलीकडच्या कनेरगाव नाका या गावची. साखरपुड्याच्या दिवशी तिने मला आतल्या खोलीत नेलं होतं, साडीची पिन लावून द्या म्हणून. पिन लावता लावता म्हणाली, "ताई, एक सांगू? कुणाला सांगू नका. मागं ब्युटी पार्लरमधी काहीतरी लावलं तर माझं तोंड असं सुजलं, डोळेच उघडंनात. डॉक्टर म्हणले, नवीन काही लावताना जपून. आई म्हणती, सासरी कळू द्यायचं न्हाई." मी म्हटलं, साधी हळद चालते ना? ती म्हणाली, साधी चालते, लहानपणापासून लावून राहिले. मी तिला शब्द दिला आणि तो पोटात ठेवून घरी आले. पोटात काही ठेवलं की मला झोप लागत नाही, हा माझा जुना आजार.

हळदीच्या दिवशी सकाळीच अंगणात मांडव भरला. पाच सुवासिनींनी हळद कालवायला घेतली, त्यात मी एक. वसमतच्या माणसाला हळदीचं कौतुक सांगायला लागत नाही, मोंढ्याच्या बाजारात तिचे ढीग बघतच आम्ही मोठे होतो. तरी चुलतसासू, ज्यांना आम्ही काकू म्हणतो, त्या प्रत्येक मुठीचा वास घेऊन मान हलवत होत्या. सासूबाई दाराच्या आत बसून अक्षतांचे तांदूळ निवडत होत्या. सासरे जाऊन काही वर्षं झाली. तेव्हापासून हळदीकुंकवाच्या कुठल्याही कामात त्या पुढे येत नाहीत, आणि कोणी या म्हणतही नाही. मला त्याचा राग येतो, पण ऐन मांडवात राग कुठे काढायचा? मी हळद कालवत राहिले.

मधेच वाजंत्री आली म्हणून आम्ही सगळ्या बाहेर गेलो. परात आतल्या ओसरीवर राहिली. परत आलो तर सासूबाई जागेवर नव्हत्या, तांदळाचं सूप तेवढं होतं. परातीतली हळद आधीपेक्षा दाट पिवळी वाटली. काकू म्हणाल्या, "बघा, मुरली की कसा रंग धरते!" मी म्हटलं, व्हय. मनात जरा खुटखुटलं, पण माझ्या मनात रोजच काहीतरी खुटखुटतं.

दिराला पाटावर बसवून सगळ्यांनी हळद माखली. तोंडाला, मानेला, हातापायांना. एका मित्राने तर डोळ्यांवरच फासली. रंग असा चढला की लोक कौतुक करायचे थांबेनात. मग दिराच्या अंगाची उष्टी हळद वाटीत काढली, वर विड्याचं पान झाकलं, आणि माझी नणंद चार बायकांना घेऊन जीपने कनेरगावला निघाली. नवऱ्याची उष्टी हळद लागल्याशिवाय नवरीला हळद चढत नाही. जीप दिसेनाशी होईपर्यंत मी फाटकात उभी होते, कारण ड्रायव्हर मला तरुण वाटला होता. काळजी करायला मला तेवढंही पुरतं.

दीर आंघोळीला बसला अंगणातल्या मोरीवर, उघड्यावर, सगळ्यांच्या देखत. पहिला तांब्या ओतला तसा ओरडला, "आई गं, डोळे!" सगळे हसले. दुसरा तांब्या, तिसरा तांब्या. तो डोळे चोळत होता आणि हसणारे आणखी हसत होते. मी मोरीच्या तोंडाशी उभी होते. पाणी नालीतून वाहत उन्हात आलं आणि पिवळ्यातून हिरवं चमकलं.

मी पळत देवघरात गेले. फळीवर एक पुडी होती, औंढ्याच्या कुंकवाची, बांधलेली, जशीच्या तशी. दुसरीचा नुसता कागद होता, चोळामोळा होऊन समईमागे पडलेला, घडीत थोडी विटकरी पूड अडकलेली.

मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात. माझ्या मनाने एका क्षणात सगळं चिंतून टाकलं. नवरीचं तोंड सुजलेलं, डोळे मिटलेले, मांडवात कुजबुज, तिच्या आईने लपवलेलं सगळ्यांसमोर उघडं पडलेलं. आणि ती मला विचारणार, ताई, मी तुम्हाला एकटीलाच सांगितलं होतं ना?

नवऱ्याला मी दिराकडे पिटाळलं, डोळ्यांवर पाणी मारत राहा आणि लगेच दवाखान्यात घेऊन जा म्हणून. नणंदेला फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. जीपमध्ये गाणी म्हणत असतील, फोन पर्सच्या तळाशी. नवरीचा फोन बंद. ड्रायव्हरचा नंबर कोणाकडेच नव्हता. मग ओसरीवर येऊन मी विचारलं, हळदीत कोणी काय टाकलं? सगळ्यांनी एकमेकींकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "कोण टाकणार? पाण्याशिवाय काही न्हाई. तुला काहून असं काहीतरी सुचून राहिलं बाई, शुभ कामात?"

त्या दिवशी घरात सगळ्यांची बोटं पिवळी होती. फक्त एका माणसाची असायला नको होती. सासूबाई स्वयंपाकघरात माठाजवळ उभ्या होत्या, उजवा हात पदराखाली.

मी दार लोटलं. "आत्याबाई, हात बघू."

"काहून?"

"बघू तरी."

त्यांनी हात काढला. अंगठा आणि पहिलं बोट गर्द पिवळं, नखांच्या कडा नारिंगी. बाजूला साबणाची वडी ओली होती. म्हणाल्या, "धुऊन राहिले, तर आणखीच चढून राहिला."

मला वाटलं होतं, त्या नाकारतील. त्या सरळ बोलायला लागल्या, खाली बघून. या घरात हळदीत औंढ्याच्या कुंकवाची चिमूट टाकायची जुनी रीत. माझ्या लग्नात त्यांनी स्वतः टाकली होती, तेव्हा सासरे होते. या वेळी कोणाला आठवण राहिली नाही. "सांगितलं असतं तर म्हणल्या असत्या, ही बाई हळदीत काहून हात घालून राहिली. मंग वाजंत्री आली, तुमी समद्या बाहेर गेल्या, तवा म्हणलं, आपलंच लेकरू हाय. टाकू चिमूट."

"किती टाकली? चिमूटच ना?"

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, दोन पुड्यांमधला फरक त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. पण मला उत्तर हवं होतं. टाकीभर पाण्याला चिमूट पुरते, हे मला माहीत होतं.

"पाय वाजले कुणाचे तरी. हात हालला. समदी पडली."

मी खालीच बसले. काय पडलं ते मी त्यांना सांगितलं. माशांचं औषध, जंतू मारायचं, डोळ्यांना लागू द्यायचं नसतं. नवरीचं गुपित मी सांगितलं नाही, शब्द दिला होता. नुसतं म्हटलं, ती हळद तिकडे लागता कामा नये. आणि हेही म्हटलं की हा फोन मला करता येत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी आमची हळद लावू नका असं घरच्या सुनेने विहिणीला कळवलं, तर त्याचा अर्थ काय घेतील? लग्न मोडायचंय, असाच घेतील. तो फोन विहिणीने विहिणीलाच करायला हवा होता.

खरं तर त्यांना दुसरं काहीही सांगता आलं असतं. हळद जुनी निघाली, परातीत पाल पडली, काहीही. मी सुचवलंसुद्धा. मी त्या वेळी इतकी घाबरले होते की खोटं बोलायला माझी ना नव्हती. त्या म्हणाल्या, "लाव फोन." त्यांना कमी ऐकू येतं म्हणून मी स्पीकर लावला. तोवर काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"विहीणबाई, हळद पोचली का?"

"न्हाई अजून. वाटच बघून राहिलो. काहून?"

"पोचली तरी पोरीला लावू नका."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. मग विहीणबाई सावकाश म्हणाल्या, "लावू नका म्हंजे? आमचं काही चुकलं का?"

"तुमचं न्हाई. हळदीत माशाचं औषध पडलं. माझ्या पोराचे डोळे लाल झाले. तुमच्या पोरीला तकलीफ नको."

"औषध पडलं? कुणाच्या हातानं?"

काकूंनी तोंडाला पदर लावला. सासूबाईंनी आपल्या दोन बोटांकडे बघितलं. "माझ्या," म्हणाल्या. "मी टाकायला नको होतं. पण टाकलं."

आणि फोन कट झाला. त्यांनी ठेवला की रेंज गेली, कळायला मार्ग नव्हता. मी पुन्हा लावला, लागेना. पुन्हा लावला, दुसऱ्या कॉलवर व्यस्त. काकू म्हणाल्या, "झालं. आता त्यांच्या भावकीत फोन फिरून राहिले असतील. विधवेचा हात लागला म्हणून मोडत्यात बघा लग्न." सासूबाई चुलीजवळच्या पाटावर बसल्या आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. निवडलेलेच निवडत होत्या. मला त्यांना पाणी द्यावं असं सुचलं नाही, मीच माठातून ग्लासावर ग्लास पीत होते. इकडे जीप हिंगोलीच्या पुढे गेली असेल, वाटीवरचं पान बाजूला झालं असेल, हेच डोळ्यांसमोर येत होतं. एकीकडे वाटायचं, लग्न मोडलं तरी चालेल, त्या पोरीचे डोळे राहू देत. लगेच वाटायचं, छे, असं कसं चालेल.

दवाखान्यातून नवऱ्याचा फोन आला. डोळे धुतले, थेंब दिले, नजर ठीक आहे, लाली उतरायला वेळ लागेल. रंगाचं मात्र डॉक्टर काही करू शकत नव्हते. अर्धा जीव भांड्यात पडला. दुसरा अर्धा कनेरगावच्या रस्त्यावर होता.

मग नणंदेचा फोन. ती रडकुंडीला आली होती. जीप थांबताच करवल्यांनी वाटी हिसकावली, एकीने गंमत म्हणून बोट बुडवून नवरीच्या गालाला लावलंसुद्धा. तेवढ्यात नवरीची आई धावत आली, वाटी काढून घेतली, लेकीला ओढत नळाखाली नेलं. "वहिनी, काय झालंय? इथं समदे आमच्याकडं बघून राहिले."

"सूज आली का? गाल सुजला का?"

"सूज? काहून सुजंल? घे, त्याच बोलत्यात."

फोन विहीणबाईंकडे गेला. मी तो सासूबाईंपुढे धरला. त्यांनी माझा हात धरून फोन आणखी जवळ ओढला.

"हळद मी ओतून दिली," विहीणबाई म्हणाल्या. "दुसरी पाठवा. पोरगी तशीच थांबली हाय."

"पाठवते. आत्ता पाठवते. सुवासिनी हायत, त्या कालवतील, मी जवळ बी जात न्हाई."

"तसं नगं," विहीणबाई म्हणाल्या. "या बारीला तुमीच कालवा. समद्यांच्या म्होरं बसून कालवा. म्हंजे काय पडलं, काय न्हाई, ते तुमाला ठावं राहील. कुणाला लपून टाकावं लागणार न्हाई."

काकू दारातून बाजूला झाल्या. रागाने की वाट द्यायला, मला आजही सांगता येत नाही.

नवी हळद आणली. सासूबाई मांडवात पाटावर बसल्या आणि कालवायला लागल्या. आधी त्यांनी मला काचेच्या ग्लासातल्या पाण्यात चिमूटभर हळद टाकून तो उन्हात धरायला लावला. हिरवी झाक नव्हती. त्यांचं समाधान झालं नाही, दुसऱ्यांदा धरायला लावला. मग म्हणाल्या, "ती औंढ्याची पुडी आण. तू उघड. तू बघ." मी उघडली, वास घेतला, बोटावर घेऊन पाण्यात टाकून बघितली, आणि मान हलवली. त्यांनी चिमूट टाकली. दवाखान्यातून परतलेल्या दिराला पुन्हा पाटावर बसवून फक्त मनगटाला लावली, तिथली उष्टी वाटीत काढली, आणि माझा नवरा वाटी घेऊन मोटारसायकलवर निघाला. ड्रायव्हर या वेळी तरुण नव्हता, तरी मी फाटकात उभी राहिलेच.

त्या रात्री मला झोप लागली नाही, हे सांगायला नकोच. गालाला लागलेल्या एका बोटाचं काय झालं असेल, एवढंच डोक्यात. नणंदेला विचारावं तर ती म्हणणार, तुला सुजेचंच का पडलंय?

दुसऱ्या दिवशी कनेरगावच्या मांडवात दीर उभा राहिला तो असा पिवळाधमक की कॅमेऱ्याच्या दिव्यात त्याची मान चमकत होती. मित्रांनी त्याला बल्ब म्हणायला सुरुवात केली. त्याने काळा चष्मा लावला होता, त्यामुळे पुढारी दिसत होता. मला हसू येत नव्हतं. नवरी अंतरपाटाच्या पलीकडे, खाली मान घालून, मुंडावळ्यांआड. मंगलाष्टकं संपता संपेनात. अंतरपाट खाली आला आणि तिने मान वर केली. तोंड नितळ होतं, डोळे मोठे आणि उघडे. उजव्या गालावर फक्त बोटाएवढा पिवळा डाग, पावडरीखालूनही दिसणारा. अक्षता माझ्या मुठीतच राहिल्या होत्या, त्या मग मी टाकल्या.

घरी आल्यावर, गृहप्रवेश झाला, पाहुणे पांगले, तेव्हा ती माझ्याजवळ येऊन बसली. आता ती माझी जाऊ होती. हळूच म्हणाली, "ताई, सासूबाईला माझ्या तोंडाचं तुमी सांगितलं ना? म्हणून त्यांनी फोन केला ना?"

"नाही गं. कोणालाच सांगितलं नाही. त्यांना अजूनही माहीत नाही."

तिला पटलं नाही. तिने परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. मग ती बराच वेळ गालावरच्या डागावर बोट फिरवत बसली. उठली, सासूबाई देवघरासमोर बसल्या होत्या तिथे गेली. त्यांचा उजवा हात सवयीने पदराखाली होता. तिने तो बाहेर काढला आणि आपल्या मांडीवर घेतला.

"अगं, ऱ्हाऊ दे," सासूबाई म्हणाल्या, "लई घासला, निघंना तो रंग."

"नका घासू," ती म्हणाली.

नवरीच्या हातापायांची हळद चार आंघोळींत उतरली. गालावरचा डाग गेला, दिराची मानही हळूहळू माणसासारखी दिसायला लागली. देवघराच्या फळीवर आता कुंकवाशिवाय काही ठेवत नाहीत, गोळ्यासुद्धा नाहीत, हे माझं एक मत शेवटी घरात चाललं. सासूबाईंच्या नखांच्या कडा मात्र पुष्कळ दिवस पिवळ्या होत्या. त्या लग्नाची हळद आमच्या घरात सगळ्यांत शेवटी त्यांच्या हातावरून गेली.